पाटीवर ‘नोटरी’ आहे, पण पाटीमागे नोटरी आहे का?

जून महिन्यात खान्देशातल्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर उभं राहा. अमळनेर असो, शहादा असो की चाळीसगाव, चित्र तेच. झेरॉक्सची दुकानं, टेबल टाकून बसलेले अर्जनवीस, मुद्रांक विक्रेत्यापुढची रांग आणि दर चार पावलांवर एक पाटी : ‘येथे नोटरी करून मिळेल’. पाटीवर नोटरीचं नाव नसतं, नोंदणी क्रमांक नसतो. असतो फक्त मोबाईल नंबर, तोही बहुतेक वेळा दुकानदाराचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. घाई होती. झेरॉक्सवाल्यानं कागद आत नेला आणि पाच मिनिटांत शिक्का, सही, तिकीट लावून बाहेर आणला. नोटरीचं तोंड आम्ही पाहिलं नाही, नोटरीनं आमचं पाहिलं नाही. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी शिक्क्याशेजारची तारीख बोटानं दाखवली. नोटरीची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती. परत येऊन विचारलं, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “शिक्का मारेल शे ना भाऊ, आखो काय जोयजे?”

आखो काय जोयजे, म्हणजे आणखी काय हवं, त्याचं हे उत्तर. तपासणीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि वकिलाची गरज पडत नाही.

आधी बघा, नोटरी लागते तरी का?

निम्म्या लोकांना मुळात नोटरीची गरज नसते. पाटीवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांचं पोट त्यावर आहे.

झेरॉक्स ‘ट्रू कॉपी’ करायची असेल, तर राज्य सरकारच्या कामांसाठी २०१५ पासून तुमची स्वतःची सही, म्हणजे स्वयंसाक्षांकन चालतं. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला सेतू किंवा ‘आपले सरकार’ केंद्रातून निघतो. त्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ही माफी २००४ पासूनची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकाची कामं पाचशेवर गेली, तेव्हापासून सरकारी कार्यालयात द्यायच्या साध्या प्रतिज्ञापत्रालाही पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावणारे भेटतात. पैसे काढण्याआधी ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे तिथेच विचारून घ्या.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. काही कामं अस्सल नोटरीनं केली तरी पुरी होत नाहीत. जळगाव, धुळे, भुसावळच्या कडेकडेनं ‘नोटरीवर खरेदी’ म्हणून गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकले जातात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, हे काही कालचं नाही. निव्वळ मुखत्यारपत्र आणि करारावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं. घराच्या भाडेकराराचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची.

लग्न आणि फारकत हा तर आपल्याकडचा दुखरा विषय. मुली मिळत नाहीत म्हणून दलालामार्फत लग्न ठरतं, स्टॅम्पपेपरवर ‘विवाह करारनामा’ होतो, त्यावर गोल शिक्का बसतो, आणि आठ दिवसांत नवरी दागिन्यांसकट गायब. नोटरी हा विवाह अधिकारी नाही. लग्नाचे किंवा घटस्फोटाचे कागद नोटरींनी प्रमाणित करू नयेत, असं केंद्राच्या विधी खात्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी बजावलं आहे. तेव्हा ‘एका तासात नोटरी मॅरेज’ किंवा ‘नोटरीवर फारकत’ अशी जाहिरात दिसली, की तो माणूस खरा नोटरी आहे का हे तपासत बसू नका. खरा असला तरी तिथे कागद करू नका.

नोटरी म्हणजे कोण?

नोटरी कायदा १९५२ चा आणि त्याचे नियम १९५६ चे. केंद्र सरकार किंवा राज्य सरकार नोटरी नेमतं. वकील असेल तर किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. नेमणुकीबरोबर व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, ते पाच वर्षं चालतं, मग नूतनीकरण. हे प्रमाणपत्र चालू नसताना नोटरीचं काम करता येत नाही.

म्हणजे काळा कोट पुरेसा नाही. आपल्याकडे आणखी एक गल्लत होते : विशेष कार्यकारी अधिकारी. गावातल्या एखाद्या आप्पांना किंवा तात्यांना ते पद मिळालेलं असतं, त्यांचाही शिक्का असतो, आणि लोक त्यालाच नोटरी समजतात. त्यांचे अधिकार वेगळे. ज्या कार्यालयानं ‘नोटराईज्ड’ कागद मागितला आहे, तिथे आप्पांचा शिक्का परत येतो.

पायरी पहिली : जाहिरात नीट वाचा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून कामं ओढता येत नाहीत. माफक आकाराची नावाची पाटी चालते. नोटरी बहुतेक वकीलच असतात. त्यामुळे रंगीत फ्लेक्स, ‘सर्वात स्वस्त नोटरी’, ‘चोवीस तास सेवा’ असलं काही दिसलं, की एक तर तो नोटरी आपल्याच व्यवसायाचा नियम मोडतो आहे किंवा जाहिरात त्याची नाहीच, मधल्या माणसाची आहे. माझ्या पाहण्यात दुसरंच जास्त.

व्हॉट्सअॅपवर ‘पीडीएफ पाठवा, नोटरी करून कुरिअरनं पाठवतो’ म्हणणारे आता खेड्यापाड्यापर्यंत पोचलेत. सही करणारा समोर हजर आहे, तो तोच आहे आणि त्यानं समजून-उमजून सही केली, याची खात्री देणं हेच तर नोटरीचं काम. तुम्ही शिरपूरला घरी आणि शिक्का मारणारा भलत्याच गावी, मग खात्री कसली दिली?

फोन करून चार गोष्टी विचारा : नोटरीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, नेमणूक केंद्राची की राज्याची, आणि प्रमाणपत्र कधीपर्यंत चालू आहे. खरा नोटरी चिडत नाही. “ते तुम्हाला कशाला? काम होऊन जाईल,” असं उत्तर आलं की फोन ठेवा.

पायरी दुसरी : शिक्का वाचा

नोटरीचा शिक्का कसा असावा हे नियमात लिहिलं आहे. साधा गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजता येतो. त्यात नोटरीचं नाव, नेमणुकीचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि कोणत्या सरकारनं नेमलं ते, एवढं हवंच. मुदत संपण्याची तारीख शिक्क्यात असायला हवी असं नियम म्हणत नाही, पण पुष्कळ नोटरी ती लिहितात. आमच्या भाच्याच्या कागदावर होती म्हणून तर आम्ही पकडले गेलो.

क्षेत्र हा शब्द कोणी वाचत नाही. तिथे कधी जिल्हा असतो, कधी फक्त तालुका. नोटरीनं त्या हद्दीतच काम करायचं असतं. कागद हद्दीबाहेर वापरता येतो, पण तो केलेला मात्र हद्दीत हवा.

आपला मुलूख दोन राज्यांना लागून असल्यानं याची जास्त काळजी घ्यावी लागते. नवापूरची माणसं कामाला गुजरातेत जातात, रावेरची बऱ्हाणपूरला, शिरपूरची सेंधव्याला. तिथल्या राज्यानं नेमलेल्या नोटरीकडे तिथे जाऊन कागद केलात तर हरकत नाही. पण त्याच नोटरीचे शिक्के मारलेले कागद घेऊन कोणी नवापूरच्या दुकानात बसला असेल, तर तो कागद हद्दीबाहेरचा. शिक्क्यावर गुजरात सरकार आणि मजकुरात ‘नवापूर येथे माझ्यासमोर’ असं दिसलं, तर समजून जा.

पायरी तिसरी : सरकारी यादीत शोधा

कायद्याच्या कलम ६ नुसार केंद्र आणि प्रत्येक राज्य सरकारनं दर जानेवारीत चालू नोटरींची यादी राजपत्रात छापायची असते. राज्याच्या नोटरींसाठी मुंबईतल्या मंत्रालयातला विधी व न्याय विभाग. केंद्राच्या नोटरींसाठी दिल्लीचं विधी खातं आणि त्यांचं नोटरी पोर्टल : नोटरी डॉट गव्ह डॉट इन. शिक्क्यावर ज्या सरकारचं नाव आहे त्याच्याच यादीत शोधा. बरेच जण केंद्राच्या नोटरीला राज्याच्या यादीत शोधतात, तो सापडत नाही, आणि बिचाऱ्याला बनावट ठरवून मोकळे होतात.

शोधताना नावावर विसंबू नका. जळगाव जिल्ह्याच्या यादीत पाटील शोधायला गेलात तर संध्याकाळ होईल. त्यात चौधरी, महाजन, सोनवणे मिळवा. एकच नाव, एकच आडनाव, फक्त वडिलांच्या नावाचं आद्याक्षर वेगळं, असेही निघतात. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर विचारू नका. म्हणून आधी नोंदणी क्रमांक लावा, मग नाव, मग क्षेत्र. तिन्ही जुळले तरच जुळलं म्हणायचं.

यादीत नाव नाही म्हणजे माणूस खोटा, असंही नाही. जानेवारीची यादी वर्षाच्या सुरुवातीची स्थिती सांगते. मार्चमध्ये नेमलेला तिच्यात कसा दिसेल? २०२४ मध्ये केंद्रानं महाराष्ट्रात मोठ्या संख्येनं नवे नोटरी नेमले. तालुक्याच्या गावी एकाएकी पाट्या वाढल्या त्या त्यामुळेही. अशा वेळी मूळ प्रमाणपत्र बघायला मागा. तरी शंका उरलीच, तर माहिती अधिकारात दहा रुपयांत संबंधित विभागाला विचारता येतं : अमुक क्रमांकाचा नोटरी अमुक तारखेला चालू होता का? उत्तराची मुदत तीस दिवस. प्लॉटचा वाद किंवा मुखत्यारपत्र असलं मोठं प्रकरण असेल, तर हे उत्तर हाती असावंच.

घाई असेल तर तालुक्याच्या वकील संघात जा. तिथल्या जुन्या कारकुनाला कोणाची मुदत संपली, कोण वारलं, कोणाचा शिक्का अजून फिरतो आहे, सगळं तोंडपाठ असतं.

पायरी चौथी : ऑफिसात बसून प्रमाणपत्र बघा

प्रमाणपत्र बहुधा भिंतीवर टांगलेलं असतं. तारीख बघा, पाच वर्षं मोजा. “नूतनीकरणाला टाकलंय, येईलच,” हे वाक्य ऐकाल. खरंही असेल, सरकारी काम आहे, उशीर होतो. पण तो उशीर तुमच्या कागदावर कशाला घ्यायचा? शेजारी दुसरा नोटरी आहे.

दराचा तक्ता ऑफिसच्या आत आणि बाहेर ठळक लावायचा, असा नियम आहे. फीची पावती देणंही नोटरीवर बंधनकारक आहे. पावती मागा. दुकानातून शिक्के मारून देणारा पावती देत नाही, कारण पावतीवर नोटरीचं नाव लागतं.

पायरी पाचवी : नोंदवहीत तुमची ओळ पडली का?

आत्तापर्यंतचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. पाच सेंटिमीटरचा गोल शिक्का कुठल्याही रबरी शिक्केवाल्याकडून करून मिळतो. नोटरीची नोंदवही अशी करून मिळत नाही.

प्रत्येक नोटरीला ठरलेल्या नमुन्यात नोंदवही ठेवावी लागते. वही वापरायला काढण्याआधी पहिल्या पानावर ‘या वहीत इतकी पानं आहेत’ असं प्रमाणित करावं लागतं. हेतू असा, की पान फाडलं किंवा मध्ये घुसडलं तर कळावं. जिल्हा न्यायाधीशांना ती तपासता येते. तुमचा कागद झाला की वहीत अनुक्रमांक, तारीख, कागदाचा प्रकार, पक्षकारांची नावं, फी हे सगळं चढतं आणि तुमची सही किंवा अंगठा घेतात. तोच अनुक्रमांक तुमच्या कागदावर येतो.

तेव्हा खूण सोपी आहे. तुम्ही कागदावर सही केली, पण वहीत केली नाही, तर तुमची नोटरी झालेली नाही. वहीत सही केलीत आणि कागदावर अनुक्रमांक टाकला नाही, तर तिथल्या तिथे टाकून घ्या. टेबलावर आधीच शिक्के मारलेले कोरे कागद रचून ठेवलेले दिसले, तर काही न बोलता उठा.

आमच्या घरी आता नियमच आहे : वहीतली आपली ओळ डोळ्यांनी बघायची, अनुक्रमांक आणि तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवायची. वहीचा फोटो मात्र काढू नका, त्या पानावर इतरांचीही नावं असतात.

दुसऱ्यानं आणून दिलेला कागद

खरी पंचाईत इथे आहे. चुलतभाऊ अचानक वाटणीचा जुना कागद काढतो. केळीचा व्यापारी बागेचा करारनामा पुढे करतो. प्लॉट विकणारा मुखत्यारपत्र दाखवतो. नोटरी करताना तुम्ही तिथे नव्हता.

आधी तारखा लावा. मुद्रांकाच्या मागे विक्रीची तारीख असते. कागद ३ तारखेला नोटरी झाला आणि मुद्रांक १० तारखेला विकत घेतला असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही. मग नोटरीच्या नेमणुकीची तारीख बघा. २०२४ मध्ये नेमलेल्या नोटरीचा शिक्का २०२१ च्या कागदावर बसलेला असेल, तर तो कागद मागच्या तारखेनं बनवलेला आहे. आपल्याकडे भावकीच्या भांडणात ‘मागच्या तारखेची नोटरी’ हा शब्दप्रयोग इतका रुळलाय, की लोक तो लाजही न वाटता उच्चारतात.

तारखा जुळल्या, तर अनुक्रमांक घेऊन त्या नोटरीकडे जा. शिक्क्यावरच्या मोबाईल नंबरवर फोन करू नका, तो कागद बनवणाऱ्याचाच असू शकतो. पत्ता सरकारी यादीतून घ्या. तिथे एवढंच विचारा : या तारखेला, या अनुक्रमांकावर, या नावांची नोंद आहे का? “वही जुनी आहे, सापडत नाही” असं उत्तर आलं, तर निदान व्यवहार थांबवा. पैसे द्यायला उशीर झाला म्हणून कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही, उलटं मात्र पुष्कळ पाहिलं.

एक लक्षात असू द्या. नोंद सापडली तरी कागदातला मजकूर खरा ठरत नाही. अमक्यानं अमक्या दिवशी समोर येऊन सही केली, इतकीच नोटरीची ग्वाही असते. ‘माझी दहा एकर बागायत आहे’ असं कोणी प्रतिज्ञेवर लिहिलं असेल, तर त्यासाठी सातबाराच काढावा लागतो.

खोटं निघालं तर

दोन प्रकार वेगळे ठेवा, कारण दारं वेगळी आहेत.

माणूस नोटरीच नसेल किंवा प्रमाणपत्र नसताना काम करत असेल, तर नोटरी कायद्याच्या कलम १२ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं भारतीय न्याय संहितेतली. यासाठी पोलीस ठाणं. मूळ कागद त्यांच्या हाती देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढा आणि तक्रारीत कागदाचं वर्णन नीट लिहा : मुद्रांक क्रमांक, विक्रीची तारीख, शिक्क्यातला मजकूर जसाच्या तसा.

माणूस खरा नोटरी असेल, पण कोरे शिक्के वाटत असेल, वही ठेवत नसेल, न आलेल्याची हजेरी लावत असेल, तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा मामला. ती तक्रार नोटरी नियमांतल्या नमुना १३ मध्ये, नेमणूक केंद्राची असेल तर केंद्राकडे आणि राज्याची असेल तर राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. नोटरीनं नोटरी म्हणून केलेल्या कामातल्या गुन्ह्याची न्यायालय थेट दखल घेत नाही, त्याला सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. लोक इथेच अडकतात. पोलीस ठाण्यात हेलपाटे घालतात, ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकून घरी येतात आणि प्रकरण सोडून देतात. म्हणून शिक्क्यावर सरकारचं नाव काय आहे ते आधी बघा. तक्रार कुठल्या पत्त्यावर धाडायची, ते तिथेच लिहिलेलं असतं.